पुतळाबाईचा होकार

पुतळाबाई भोये नाशिकच्या इंदिरानगरात चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या तीन घरांत ती नुसती 'बाई' होती. चौथं घर सुमेधाताईंचं. तिथे तिला नाव होतं, चहाला स्वतःचा कप होता आणि उशीर झाला तर बोलणी खायचा हक्कही होता. ताईंचे यजमान चिंतामणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणूस भला, पण अति व्यवस्थित. चपलासुद्धा आकाराप्रमाणे लावून ठेवायचे. ह्या व्यवस्थितपणानंच पुढे घात केला, पण ते पुढे.

पुतळाबाई मूळची पेठकडच्या डोंगरातली, बोरीच्या पाड्यावरची. नव्वदच्या आगेमागे त्याच पाड्यावर लग्न झालं. भातकापणी उरकली की नवरा झिपरू आणि ती ट्रकमध्ये बसून खाली उतरायची, सायखेड्याच्या बाजूला द्राक्षबागेत झोपडं टाकायची आणि पाऊस तोंडावर आला की परत वर जायची. अशी काही वर्षं गेली. मग एका ठेकेदारानं झिपरूला इंदिरानगरात बांधकामावर राखणदार म्हणून ठेवून घेतलं आणि दोघं नाशकातच राहिली. इमारत उभी राहिली, की ह्यांची पत्र्याची खोली मोडून पुढच्या प्लॉटवर जायची. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल पुतळाबाई कधी रडली नाही, निदान कोणाच्या देखत तरी नाही.

झिपरू नाशकात कोणी नव्हता. खाकी सदरा, हातात काठी, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम. पाड्यावर मात्र त्याचा मान काही औरच. कारण झिपरू थाळीवर कथा सांगायचा.

ही कथा म्हणजे काय, ते सांगायला हवं. काशाच्या थाळीत मधोमध मेणाचा गोळा बसवायचा, त्यात लांब काडी उभी रोवायची आणि ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहायची. थाळीतून असा काही घुमता सूर निघतो की ऐकणारा हातातलं काम टाकून बसतो. त्या सुरावर कथा. आणि त्यांच्या भावकीत ही कथा एकाच कामाला लागते, माणूस मेल्यावर. त्या पाड्यावरची समजूत अशी, की मेलेला माणूस सगळं विसरतो. घर, गाव, आईबाप, सगळं. त्याला पुढची वाट सांगावी लागते. उंबऱ्यावरून निघ, अमका ओहोळ ओलांड, तमक्या आंब्याखाली बस, पाणी पी, मग डोंगराच्या ह्या अंगानं चढ. दिवेलागणीला कथा सुरू होते आणि कोंबडा आरवला की संपते. नाव घ्यायचं नाही, सगळी कथाभर मेलेल्याला 'पाहुणा' म्हणायचं. अगदी शेवटी निरोप. सांगणारा विचारतो, "घरच्यांनो, सोडता का पाहुण्याला?" आणि घरच्या बाईनं "हो" म्हणायचं. एकदा का ती "हो" म्हणाली, की थाळी पालथी. मग काही झालं तरी त्या पाहुण्याची कथा पुन्हा सांगायची नाही. गेलेल्या माणसाला मागून हाका मारत नाहीत.

आणि ती "हो" म्हणालीच नाही तर? तेही पुतळाबाईनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एका मयतीत झिपरू पेंगुळला आणि वाटेतली एक नदी सांगायची राहून गेली. निरोपाला तो आला, विचारलं, तर म्हातारी झुंबरबाई ओठ घट्ट मिटून बसली. हूं नाही की चूं नाही. झिपरूच्या लक्षात आलं. त्यानं मुकाट्यानं मागे जाऊन ती नदी सांगितली, पाहुण्याला पलीकडे नेऊन सोडलं, तेव्हा कुठे म्हातारीनं तोंड उघडलं. सगळी मदार त्या एका शब्दावर.

पाड्यावर कोणी गेलं, की निरोप यायचा आणि झिपरू थाळी फडक्यात गुंडाळून पेठच्या बसला पळायचा. राखणदारी त्यापायी किती वेळा गेली, देव जाणे. पुतळाबाई कडाकडा बोलायची, "मेलेल्यांची चाकरी करतोस, आपल्या पोटाची कोण करंल?" तो हसायचा. त्याला रागच यायचा नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

दोन हजार सहा साली सुमेधाताईंचा भाचा आल्हाद त्यांच्याकडे आला. पुण्यात भाषेचा कसला तरी अभ्यास करत होता. पुतळाबाईच्या बोलण्यात थाळीकथेचा विषय निघाला आणि हा पोरगा जो मागे लागला! झिपरू म्हणाला, "आता कोणी मेलं नाय, कशी सांगू?" आल्हाद म्हणाला, थांबतो. ऐका! कोणी मरायची वाट बघत थांबला. आणि त्याच हिवाळ्यात झिपरूची आई कुसाबाई गेली. झिपरूनं स्वतःच्या आईला स्वतः वाट सांगितली. कुसाबाईला लेक नव्हती, म्हणून निरोपाचा "हो" सुनेनं म्हणायचा होता. तो पुतळाबाईनं म्हटला. आल्हाद एका कोपऱ्यात छोटंसं यंत्र घेऊन बसून होता. पहाटेच्या कोंबड्यापर्यंत सगळं त्यात भरलं गेलं.

पुढे त्यानं त्या कथेचे भाग पाडले आणि दर आठवड्याला एक भाग इंटरनेटवर टाकत गेला. ह्याला पॉडकास्ट म्हणतात, असं त्यानं समजावलं. म्हणजे रेडिओच, फक्त आपल्या वेळेला ऐकायचा. जगात कुठेही बसून कोणीही तो भाग उतरवून घेऊ शकतो. एकदा येऊन त्यानं झिपरूला कौतुकानं सांगितलं, "झिपरूभाऊ, तुमची कथा कॅनडात ऐकली लोकांनी!"

झिपरूचा चेहरा पडला. "तिकडं कोण गेलं?"

"कोणी नाही हो. अशीच ऐकली."

"अशीच?" झिपरूला ते काही पटेना. मयत नसलेल्या घरात ही कथा लावणं म्हणजे पाहुण्याला बोलावणं धाडणं. बराच वेळ तो डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "ऐकूं दे बाबा, परक्या मुलखाची रीत परकी. पण ह्या घरात लावू नका. ही आपली माणसं हायेत. ताईच्या घरात माझी कथा वाजाया नको." आल्हादनं कबूल केलं. चिंतामणरावांनी तर छातीवर हात ठेवून शब्द दिला. दिलेला शब्द मोडतील तर ते चिंतामणराव कसले!

दोन हजार आठच्या पावसाळ्याअखेर झिपरूला कावीळ झाली. डोळे पिवळेधम्मक. औषधं झाली, पाला झाला, पथ्य झालं. अंगातली ताकद जी ओसरली ती ओसरलीच. एक दिवस पत्र्याच्या खोलीत पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "पुतळे, माझी कोण सांगंल गं?"

"तूच सांग," ती फणकारली. "गप पड." तोंडानं फणकारली, पण प्रश्न तिला कळला होता. कारण खरंच, कोण सांगणार? त्या सगळ्या पाड्यांत झिपरू शेवटचा. सुरगाण्याकडे एक जण होता, त्याला अर्धांग होऊन वाचा गेलेली. झिपरूनं दोघातिघांना शिकवायचा प्रयत्न केला होता, पण ती पोरं द्राक्षाच्या हंगामाला खाली गेली ती तिकडचीच झाली.

झिपरू गेला. पाड्यावर नेऊन माती दिली. लहानूबाबानं, म्हणजे झिपरूच्या थोरल्या चुलतभावानं, दिवसकार्याला आणि कथेला अमावास्येच्या आतला दिवस धरला आणि पुतळाबाईला विचारलं, "कथेचं काय?" कथा झाली नाही तर पाहुणा उंबऱ्यापाशीच घुटमळत राहणार. ज्यानं अख्ख्या डोंगराला वाट दाखवली, तोच दारात उभा, कुठे जायचं ते न कळून. हा विचार मनात आला आणि पुतळाबाईनं पुढ्यातलं ताट सारून दिलं. दुसरं काही तिला नको होतं. पत्र्याची खोली गेली असती तरी चाललं असतं. झिपरूला वाट सांगितली गेली पाहिजे, बस.

तेव्हा तिला आठवलं, कथा आहे की! त्याच्याच गळ्यातली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ती ताईंकडे आली, ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आल्हाददादानं ती हवेत सोडलेली कथा परत खाली उतरवता येईल का?"

आल्हाद तोवर शिकायला परदेशी गेलेला. त्याचा जुना कॉम्प्युटर मात्र ताईंकडे होता, वर चिंतामणरावांनी विणलेलं झाकण घातलेला. आल्हादला फोन लागला. बातमी ऐकून तो बिचारा रडला. मग म्हणाला, "काका, सगळं आहे. मी सांगतो तसं करा." चिंतामणराव टेबलाशी ताठ बसले. आल्हाद सांगत गेला, एक प्रोग्राम आहे, तो आधी उतरवा. तो उघडला की वर एक रिकामी चौकट दिसेल, तिच्यात मी सांगतो तो पत्ता जसाच्या तसा टाका, एक टिंबसुद्धा चुकवू नका. मग 'सबस्क्राइब' दाबा.

"ते दाबल्यावर काय होईल?"

"पेपर लावतो ना आपण, तसं. एकदा लावला की रोज आपोआप दारात. इथे नवीन भाग आला की आपोआप तुमच्या कॉम्प्युटरवर. जुने भाग यादीत दिसतील, त्यांच्यापुढचं 'डाउनलोड' एकेकाला दाबायचं."

"म्हणजे पेपर लावला की मागच्या वर्षीचे अंकही मिळणार," चिंतामणराव खूश झाले. "हे बरं आहे." यादीत कोणता भाग कुठे असतो, ते ना त्यांनी विचारलं, ना आल्हादनं सांगितलं. त्याला वाटलं, हे काय सांगायचं!

काम सोपं होतं, पण तेव्हाचं लोडशेडिंग म्हणजे काही विचारू नका. प्रोग्राम उतरायला लागला, की वीज गुल. पुन्हा पहिल्यापासून. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, तेही गोगलगाय. कधी पत्त्यात टिंब राहिलं म्हणून लाल अक्षरं यायची, कधी सगळं बरोबर असूनही यायची. चिंतामणरावांच्या नाकी नऊ आले. पण एके दुपारी ती यादी पडद्यावर उमटली, एकाखाली एक, सगळे भाग. प्रत्येकाला आल्हादनं एकच नाव देऊन ठेवलेलं, आळशी मेला! बाजूला तारखा होत्या, पण त्या अमेरिकन तऱ्हेनं, महिना आधी आणि दिवस मागून. चिंतामणरावांनी असल्या उलट्या तारखांकडे लक्षच दिलं नाही.

त्यांनी वरून सुरुवात केली. डाउनलोड दाबलं. एक निळी पट्टी डावीकडून मुंगीच्या पावलानं भरायला लागली.

पुतळाबाई ओले हात पदराला पुसत दारात उभी राहायची. आत पाऊल टाकायची नाही. "साहेब, ह्याच्यात हाय का तो?"

"येतोय, पुतळाबाई. येतोय."

ती पट्टी अर्ध्यावर आली की ती दाराला घट्ट धरून उभी राहायची. वीज गेली की ती तिथंच मटकन खाली बसायची. कोणावर रागवायचं? बटणावर? तारेवर? कडाकडा बोलायला नवरा नव्हता, तिचं तोंडच बंद झालेलं. चिंतामणराव म्हणायचे, "उद्या पुन्हा करू हं," आणि त्यांच्याच आवाजात जोर नसायचा. दिवस जवळ येत चालला होता. शेवटच्या भागाची पट्टी भरली, तेव्हा ताईंनी देवापुढे साखर ठेवली.

आता ही कथा पाड्यावर न्यायची कशी? तिकडे वीज नावालाच. चिंतामणरावांनी सेलवर चालणारा, एका सीडीत अख्ख्या रात्रीची कथा मावेल असा एमपीथ्रीचा सीडी प्लेअर आणला. सीडी भरायच्या आधी त्यांचा स्वभाव जागा झाला. भाग मागेपुढे झाले तर? म्हणून त्यांनी बसून प्रत्येक भागाला आकडा घातला. यादीतला सगळ्यात वरचा तो एक, त्याखालचा दोन, असे अगदी तळापर्यंत. जसं आपण कागद वाचतो तसं. मग सीडी भरली, पाकिटात घातली, पाकिटावर सुवाच्य अक्षरात झिपरूचं नाव घातलं.

सुमेधाताई म्हणाल्या, "अहो, एकदा लावून तर बघा. तिथे जाऊन फजिती नको."

पुतळाबाईनं चटकन हात जोडले. "नको ताई. ह्या घरात नको म्हणाला होता तो."

चिंतामणरावांनी ताईंकडे नापसंतीनं पाहिलं. शब्द म्हणजे शब्द. तरी सीडी चालते का ते बघायला हवंच होतं. मग त्यांनी प्लेअरचा आवाज पार शून्यावर नेला, वर टॉवेल दाबून धरला आणि नुसते सेकंदाचे आकडे पुढे सरकतात का तेवढं बघितलं. सरकत होते. "चालतेय," ते म्हणाले. पुतळाबाईनं मान खाली घालून त्यांच्या पायांना हात लावला. ते संकोचून मागे सरले.

ठरलेल्या दिवशी पुतळाबाई, ताई आणि चिंतामणराव जीप करून निघाले. घाट चढून, उतरून, मग कच्च्या रस्त्यानं धूळ खात. पुतळाबाईनं प्लेअर मांडीवर घेतला होता. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायची.

पाड्यावर सारवलेल्या अंगणात माणसं जमलेली. लहानूबाबानं त्या प्लेअरकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यो डबा कथा सांगणार?" चारदोन माणसं कुजबुजली. पण झुंबरबाई, आता पार वाकलेली, काठी आपटून म्हणाली, "सूर झिपरूचा हाय ना? मंग डबा का बघता? झिपऱ्या, सांग रं बाबा, तुझी तूच सांग!" म्हातारीच्या तोंडचं ते ऐकून बाया हुंदके देऊ लागल्या. पुतळाबाईलाही भडभडून आलं. आपणही त्याला हेच म्हणालो होतो. रागानं म्हणालो होतो.

सुपात तांदूळ पसरून त्यावर प्लेअर ठेवला. शेजारी झिपरूची थाळी, मेण आणि काडी लावून. पुतळाबाई घरची बाई म्हणून उंबऱ्याला पाठ लावून बसली. शेजारी झुंबरबाई. चिंतामणराव सुपाच्या पलीकडे मांडी घालून, बटणावर बोट ठेवून. दिवेलागण झाली. लहानूबाबानं मान हलवली, तसं त्यांनी बटण दाबलं.

आधी थाळीचा सूर आला. घुमत, थरथरत.  पुतळाबाईचे डोळे आपोआप मिटले.  आला बाई, आला तो. आता उंबऱ्यावरून उठवंल, ओहोळाकडं नेईल...

सूर थोडा ओढल्यासारखा वाटला. बोटं दमलेली असताना निघतो तसा. तिनं डोळे उघडले. आणि डब्यात कोंबडा आरवला.

बाहेर अंधार नुकता पडत होता, पाड्यावरच्या कोंबड्या कधीच्या डालग्यात गेल्या होत्या, आणि डब्यातला कोंबडा पहाटेचं आरवत होता.  पुतळाबाईला सगळं कळलं. का झालं, कसं झालं, ते नाही. काय झालं, तेवढं कळलं.

झिपरूचा घोगरा, रात्रभर गाऊन बसलेला आवाज आला. "पाहुण्या, वाट सरली. पाणी प्यालास, आंब्याखाली बसलास, नदी उतरलास. आता मागं बघू नको."

कुठली नदी? कुठला आंबा? अजून उंबरासुद्धा ओलांडला नव्हता त्यानं! लहानूबाबा अर्धवट उठला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. झुंबरबाईनं काठी टाकून पुतळाबाईचं मनगट पकडलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बोलू नको. काय झालं तरी तोंड उघडू नको. मंग मागं जाता येतंया."

पुतळाबाईनं ओठ मिटले. दातांखाली जीभ धरली. रक्ताची चव आली तरी सोडली नाही. नाही म्हणणार हो. पहाटेपर्यंत बसेन, दोन दिवस बसेन, पण त्याला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय हो म्हणणार नाही.

चिंतामणरावांना ह्यातलं काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं, की माणसं अस्वस्थ झालीत, कुजबुजतायत, माना पुढे काढतायत. त्यांना वाटलं, मागच्यांना ऐकू जात नाही. त्यांनी अदबीनं हात पुढे केला आणि आवाज मोठा केला.

"घरच्यांनो," झिपरू अंगणभर गरजला, "सोडता का पाहुण्याला?"

पुतळाबाईनं श्वाससुद्धा कोंडला. झुंबरबाईची नखं तिच्या मनगटात रुतली होती.

आणि डब्यातून, अगदी स्वच्छ, दोन वर्षांपूर्वीची पुतळाबाई म्हणाली, "हो."

तिचाच आवाज. सासूसाठी म्हटलेला. सगळ्या पाड्यानं ऐकला.

झुंबरबाईची पकड सुटली. लहानूबाबा पुढे आला, काडी उपटली आणि थाळी पालथी घातली.

"मी नाय बोलले," पुतळाबाई म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "मी नाय बोलले! बाबा, मी तोंड उघडलं नाय, ह्या म्हातारीला इचारा!"

लहानूबाबाच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण तो तरी काय करणार? "तुझाच आवाज हाय पोरी. त्यानं इचारलं, तू हो म्हणालीस. गेला तो."

तेव्हा कुठे चिंतामणरावांच्या डोक्यात प्रकाश पडला.  "थांबा, थांबा हो! भाग उलटे लागलेत, एवढंच. हा शेवटचा होता. मी पहिला लावतो, आहे ह्याच्यातच, सगळी कथा आहे! एक बटण दाबायचं फक्त..." ते एकामागून एक बटणं दाबत राहिले. झुंबरबाई सरकत सुपापाशी गेली आणि तिनं आपला सुरकुतलेला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "आता कोणाला सांगता?"

 घरी आल्यावर चिंतामणराव कॉम्प्युटरपुढे बसून ती यादी बघत राहिले. ताई पाठीमागे आल्या, पडद्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या रद्दीकडे बघितलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पेपर लावला की आजचा अंक गठ्ठ्यात वरच असतो ना."  तो गठ्ठा रोज सकाळी चिंतामणरावच रचत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुतळाबाई आठवडाभरानं कामावर आली. भांडी घासली, ओटा पुसला. ताईंनी धीर करून म्हटलं, "पुतळाबाई, अख्खा जन्म त्यांनी ती वाट सांगितली. त्यांना नसेल का माहीत?"

"सांगत होता तवा ठाऊक होती, ताई. मेल्यावर माणूस इसरतं. म्हणून तर सांगायची." ती पातेलं पालथं घालता घालता थांबली, बघत राहिली, मग ते उताणंच ठेवून दिलं.

तेवढ्यात चिंतामणराव आतून आले. हातात नवी सीडी होती. भाग सुलट लावलेले, आकडे बदललेले. ह्यावेळी त्यांनी आल्हादला दोनदा विचारून खात्री केली होती. आता काही उपयोग नाही हे त्यांना कळत होतं, पण केल्यावाचून राहवलंही नव्हतं. ती सीडी द्यावी कशी, हेही त्यांना कळेना. शाळकरी पोरासारखे ते दारात उभे राहिले.

"माझी चूक झाली, पुतळाबाई," ते म्हणाले. "फार मोठी चूक झाली. काय करू, सांगा."

पुतळाबाईनं हात पुसले. सीडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, त्या चकचकीत बाजूत स्वतःचा चेहरा बघितला आणि परत त्यांच्या हातात दिली.

"ठेवा तुमच्यापाशी. माझ्या वेळेला लावा, साहेब. सरळ लावा." ती पदर खोचून पुन्हा मोरीकडे वळली. "हो म्हणायला मला कोण हाय? पण ते काय अडणार नाय. मीच हाय की त्याच्यात."